गल्ल्यावरचे रक्त आणि पडद्याआडचा धनी

अमेरिकन गुन्हेपटांत एक प्रसंग आता ठराविक होऊन बसला आहे. गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील लहानसे दुकान, गल्ल्यामागे परदेशातून आलेला, मोडके इंग्रजी बोलणारा दुकानदार, समोर गिऱ्हाईक. संशयाची नजर, एखादा अपमानाचा शब्द, आणि मग पिस्तूल. समीक्षक यास वास्तवाचे निर्भीड दर्शन म्हणतात, आणि आपल्यातील काही पुरोगामी मित्रही या चित्रपटांची वाखाणणी करतात. आमचे म्हणणे असे की हे दर्शन अर्धे आहे, आणि जो अर्धा भाग वगळला गेला आहे तो वगळण्यात प्रस्थापित व्यवस्थेचा लाभ आहे.

या प्रसंगांमागे खरे रक्त आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी एका कोरियन कुटुंबाच्या दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यावयास गेली. किंमत १.७९ डॉलर, मुलीच्या हातात २ डॉलर होते. ती चोरी करीत असल्याचा आरोप दुकानदारणीने केला, झटापट झाली, आणि बाटली गल्ल्यावर टाकून मुलगी पाठमोरी वळली असता तिच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. ज्यूरीने मनुष्यवधाचा दोष निश्चित केला. न्यायाधीशांनी मात्र तुरुंगवास स्थगित ठेवून पाच वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर प्रकरण मिटविले. एप्रिल १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस रॉडनी किंग यास मारहाण करणारे पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले, आणि शहर पेटले. ६० हून अधिक माणसे मेली. २,००० हून अधिक कोरियन दुकाने लुटली वा जाळली गेली.

आता पडदा या घटनेचे काय करतो ते पाहा. ह्यूज बंधूंचा ‘मेनेस टू सोसायटी’ (१९९३) सुरू होतो तोच अशा दुकानात. दोन तरुण बिअर घ्यावयास येतात, कोरियन जोडपे त्यांच्या पाठीपाठी फिरते, दुकानदार एकाच्या आईविषयी खोचक शब्द काढतो, आणि दोघांचाही खून होतो. खुनी कॅमेऱ्याची ध्वनिचित्रफीत उचलून नेतो आणि पुढे मित्रांना करमणूक म्हणून दाखवितो. या प्रसंगामागोमाग १९६५ च्या वॉट्स दंगलीची जुनी चित्रणे दिसतात. म्हणजे दिग्दर्शकांना इतिहास ठाऊक आहे. परंतु तो तोंडी लावण्यापुरता. ते जोडपे कोण, येथे का आले, दिवसाचे किती तास उभे असते, यांविषयी एक वाक्य नाही. मारावयास माणसे हवी होती, म्हणून ती आहेत.

त्याच वर्षीचा जोएल शूमाकर यांचा ‘फॉलिंग डाऊन’ याहून धूर्त आहे. संरक्षण उद्योगातून काढून टाकलेला एक गोरा बेकार अभियंता फोनसाठी सुटे पैसे मागतो. कोरियन दुकानदार काही विकत घेतल्यावाचून सुटे देत नाही, आणि कोकच्या डब्याचे ८५ सेंट सांगतो. तेव्हा हा गृहस्थ त्याचीच बॅट हिसकावून दुकान फोडतो आणि भाव १९६५ च्या पातळीवर आणण्याची घोषणा करतो. ज्या कंपनीने त्याला रस्त्यावर आणले तिच्या दारावर मात्र तो एकदाही जात नाही. कोरियन अमेरिकन संघटनांनी या चित्रपटाचा निषेध केला तो रास्तच होता. परंतु फसवणूक कोरियन लोकांपुरती नव्हती. बेकाराच्या संतापाला मालकाचा पत्ता सोडून शेजाऱ्याचा पत्ता देणे, ही त्या बेकाराचीही फसवणूक आहे.

२००६ साली ऑस्कर पारितोषिकाने गौरविलेला ‘क्रॅश’ हे या प्रकाराचे उदारमतवादी रूप. येथे दुकानदार इराणी आहे. दुकानाची नासधूस होते; दार वेळीच दुरुस्त केले नाही या सबबीवर विमा कंपनी भरपाई नाकारते; आणि दुकानदार पिस्तूल घेऊन जातो तो विमा कंपनीकडे नव्हे, तर कुलूप बसविणाऱ्या लॅटिनो कामगाराच्या घरी. पिस्तुलात खऱ्या गोळ्या नसल्याने कामगाराची चिमुरडी वाचते, आणि प्रेक्षक डोळे पुसतो. माणसे एकमेकांना समजून घेत नाहीत, हेच सर्व दुःखाचे मूळ असल्याचा समज घेऊन तो घरी जातो. विमा कंपनी मात्र त्या एका नकारानंतर कथेतून निर्वेध निघून गेलेली असते.

या सर्वांत स्पाइक ली यांचा ‘डू द राइट थिंग’ (१९८९) अधिक प्रामाणिक आहे. तेथे दुकान जळते ते पोलिसांनी एका तरुणाचा गळा आवळून जीव घेतल्यानंतर. आणि दुसऱ्या दिवशी राखेसमोर नोकर मालकाकडे आठवड्याचे वेतन मागतो. वेतन आणि पोलीस या दोन गोष्टी पडद्यावर येताच त्याच कथेला वेगळा अर्थ येतो. याच चित्रपटात कोपऱ्यावर बसलेले तीन रिकामे इसम समोरच्या कोरियन दुकानाकडे पाहून विचारतात की, काल आलेल्या माणसाचे दुकान उभे राहते, मग आमचे का नाही? हा प्रश्न तेथे हसण्यावारी जातो. त्याचे उत्तर देणे कदाचित चित्रपटाचे काम नसेल. समाजवाद्यांचे मात्र ते आहे.

उत्तर असे आहे. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या आणि तेथील कर्ज धोक्याचे ठरविले; बँकांनी आणि विमा कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्समध्ये ३४ माणसे मेली, आणि त्यानंतर जुने ज्यू दुकानदार व मोठे भांडार काढता पाय घेऊ लागले. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचे दार उघडले. सोल येथे पदवी घेतलेल्या माणसाची पदवी लॉस एंजेलिसमध्ये कवडीमोल ठरली, म्हणून त्याने गोरे भांडवल सोडून गेले होते तेथे दुकान घेतले. पैसा बँकेने दिला नाही. त्यांच्यात ‘क्ये’ म्हणून जी रीत आहे, ती आपली भिशीच. तिच्यातून आणि बायकामुलांच्या बिनपगारी श्रमांतून दुकान उभे राहिले. इकडे शेजारच्या साउथ गेटमधील फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० साली आणि जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ साली बंद झाला. एकीकडे वेतन गेलेले गिऱ्हाईक, दुसरीकडे विम्याचे छत्र नसलेला दुकानदार, आणि मध्ये एक गल्ला. या दोघांना समोरासमोर उभे करणारे हात त्या खोलीत नव्हतेच.

१९९२ च्या आगीत हे हात उघडे पडले होते. पोलीस भडक्याच्या जागेवरून मागे हटले, कोरिया टाउनला स्वतःचे रक्षण स्वतः करावे लागले, आणि त्या गोंधळात एक १८ वर्षांचा कोरियन तरुण आपल्याच लोकांच्या गोळीने मेला. अनेक दुकानांना विमाच नव्हता. काहींनी परदेशांत नोंदलेल्या ज्या कंपन्यांना हप्ते भरले त्यांनी हात वर केले. अटक झालेल्यांपैकी सुमारे निम्मे लॅटिनो होते. कृष्णवर्णीय विरुद्ध कोरियन या सुटसुटीत कथेत त्यांना जागाच नाही.

येथे कोणी म्हणेल की कलावंताकडून अर्थशास्त्राची अपेक्षा कशाला? आम्ही ती करीत नाही. परंतु काय पुढे आणावयाचे आणि काय मागे ढकलावयाचे, ही निवड कलावंतच करतो. १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या केर्नर आयोगाने १९६८ साली कृष्णवर्णीयांच्या गाऱ्हाण्यांची प्रतवारी लावली. पहिल्या पायरीवर पोलिसांचे वर्तन, बेकारी आणि घरे होती. दुकानदारांचे व उधारीचे अन्यायी व्यवहार पुष्कळ खाली होते. एका सरकारी आयोगाला जो क्रम दिसला तो गुन्हेपटाने उलटा केला आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. काही उत्साही सहकाऱ्यांना जळणाऱ्या दुकानात वर्गसंघर्षाची ज्योत दिसते. त्यांनी विचारावे की त्या दुकानात कामाला कोण होते? लॅटिनो हमाल, कोरियन नोकर बाई. दुकानाबरोबर त्यांची चूलही विझली. त्याच १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या ‘कोरियन इमिग्रंट वर्कर्स ॲडव्होकेट्स’ या संघटनेने, मदतनिधीत दुकानमालकांबरोबर रोजगार बुडालेल्या कोरियन आणि लॅटिनो कामगारांनाही वाटा मिळावा म्हणून आपल्याच समाजातील पुढाऱ्यांशी झगडा केला. पुढे उपाहारगृहांतील कामगारांच्या वेतनासाठी कोरियन मालकांशी लढे दिले. वंशाची भिंत पाडणारी ही खरी रेषा. तिच्यावर मात्र गुन्हेपट निघत नाही.

महाराष्ट्रालाही हा धडा परका नाही, आणि त्याचा एक धागा अमेरिकेशीच जुळलेला आहे. तेथील यादवी १८६५ साली संपली तसा आपल्या कापसाचा भाव कोसळला, त्यात सरकारने शेतसारा वाढविला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी परप्रांतीय सावकारांवर उठले. त्यांनी बहुतेक ठिकाणी सावकाराचा जीव मागितला नाही. खतपत्रे मागितली आणि जाळली. हिंसेतही हिशेबाचे कागद ओळखण्याचे हे भान गुन्हेपटातील नायकापाशी नाही. तरीही सारा वसूल करणारा सरकारी हात शाबूतच राहिला. पुढे १९६६ नंतर मुंबईत उडुपी उपाहारगृहांवर दगड पडले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा त्यांतील एकही दगड गिरणी कामगाराच्या कामी आला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी हे चित्रपट जरूर पाहावेत, अभ्यासवर्गांत दाखवावेत. परंतु दिवे लागल्यावर प्रेक्षकांपुढे काही प्रश्न ठेवल्याविना उठू नये. या दुकानाला कर्ज कोणी नाकारले? कारखाना कोणी बंद केला? विम्याचे पैसे कोणी बुडविले? आणि गल्ल्यामागे पगारावर राबणारा तिसरा माणूस पडद्यावर का आला नाही? हे प्रश्न ज्या वस्तीत विचारले जातील तेथे गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांवर पिस्तूल रोखण्यापूर्वी त्या दोघांच्याही धन्याचे नाव विचारतील.