नवऱ्याची सही मागणाऱ्यांनो, पंधरा दिवस आहेत

इंदूरच्या राजेंद्र नगर आणि आसपासच्या खासगी दवाखान्यांना आम्ही इथल्या बायका हा जाहीर इशारा देत आहोत.

आमच्या गल्लीतली एक सून आठव्या आठवड्यात गर्भपातासाठी गेली. काउंटरवरून कागद पुढे सरकवला गेला. छापील मजकुराखाली निळ्या बॉलपेनानं एक जास्तीची ओळ लिहिलेली: 'पति के हस्ताक्षर'. नवरा कामानिमित्त सुरतेला. ती तशीच परतली. तो येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत उलटली.

ती ओळ कायद्यात कुठेही नाही. 1971 च्या गर्भपात कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. संमतीच्या 'फॉर्म सी'वर सही तिचीच. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना बजावलं आहे की कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. त्याच निकालानं अविवाहित मुलींनाही 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत घेतलं.

शेजारी बघा. नेपाळात 2002 मध्ये कायदा बदलेपर्यंत गर्भपात केला म्हणून बायका तुरुंगात जात. बांगलादेशात आजही जीव वाचवण्यापुरतीच परवानगी. तरी 1979 पासून 'पाळी नियमित करणे' या नावाखाली सरकारी केंद्रांत वाट काढून दिली जाते. आणि अमेरिकेच्या कुटुंबनियोजन मदतीवर चालणाऱ्या परदेशी संस्था? 1984 पासून तिकडे रिपब्लिकन अध्यक्ष आला की त्यांना गर्भपाताचं नाव काढायचीही चोरी, मग त्या देशाचा कायदा काही का म्हणेना. तिथल्या डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. तुमचे कुणी बांधलेत?

बाईच्या या हक्काचा आडोसा घेऊन मुलगा की मुलगी विचारायला येणाऱ्यांनाही सांगतो: 1994 चा लिंगनिदानविरोधी कायदा जागा आहे, आणि त्यात जामीन हा हक्क नाही.

आजपासून पंधरा दिवसांत ती ओळ कागदावरून काढा. संमती फक्त बाईची लागते, हे हिंदीत आणि मराठीत काउंटरवर लावा. तिचं नाव बाहेर फुटलं तर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे कंपाउंडरपासून सगळ्यांना समजावा.

सोळाव्या दिवशी अशा प्रत्येक कागदाची प्रत, बाईचं नाव झाकून, इंदूरच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारीसोबत जाईल. तक्रारीवर सह्या आमच्या असतील.