मुधोळचा पिवळा दिवा



दिवाळीला मुधोळला गेलो होतो. मुधोळ म्हटलं की लोकांना कर्नाटकातलं शिकारी कुत्र्यांचं मुधोळ आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं बासरच्या पुढचं आणि भैंशाच्या अलीकडचं. १९५६पर्यंत हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार राज्यं झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आदिलाबाद जिल्ह्यात गेली, आणि २०१६पासून निर्मल जिल्ह्यात आहेत. काका पत्त्यात अजून आदिलाबादच लिहितात, आणि पत्रं पोचतात.

काकांकडे २०१३ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. आठ महिन्यांपासून तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत होता. चेक इंजिनचा. त्यातलं इंजिनाचं चित्र काकांना शेतातल्या मोटरीसारखं दिसतं, म्हणून घरात त्याचं नाव ‘मोटर’ पडलेलं. मी अंगणात चप्पल काढतोय तोवरच काका म्हणाले, “मोटर अजून जळायलीच आहे बघ. लै जणांना दाखवलो.”

हा दिवा साधा वाटेल, पण त्या घरात तो साधा राहिला नव्हता. काकूंचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला निघून, बासरला गोदावरीचा पूल ओलांडून निजामाबादला जायचं आणि दुपारी परत यायचं. गाडी काका चालवतात, वय बहात्तर. पुण्यातला माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, दोन वर्षं सांगतोय की मुधोळ सोडा, पुण्याला या, इथे दवाखाना दहा मिनिटांवर आहे. त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण काकूंना जायचं नाही. आणि दिवा लागल्यापासून फोनवर दादाचं एकच: “ती गाडी रस्त्यात बंद पडली तर आईला घेऊन कुठं बसणार तुम्ही?” याला काकांकडे उत्तर नव्हतं. गाडी विकायची बोलणी सुरू झाली होती.

आधी काय काय झालं होतं ते सांगतो. पहिल्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ म्हणाला आणि साडेतीन हजारांना नवा बसवला. दिवा गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. दुसऱ्याने बॅटरीची तार काढून परत लावली. दिवा गेला, आठवड्याने आला. तिसरा म्हणाला, सायलेन्सरच्या आधीचा जाळीचा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोक झालाय, पस्तीस हजार लागतील. गाडीला गिऱ्हाईक सव्वा लाखाच्या वर बोलत नव्हतं. चौथा सगळ्यांत प्रामाणिक म्हणायचा. तो म्हणाला, “सर, बल्बच काढून टाकतो, कटकट नको.”

माझ्या बॅगेत काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ अडॅप्टर असतो. घरातले त्यावरून हसतात. आपल्याकडे एप्रिल २०१०पासून नव्या गाड्यांत ओबीडी, म्हणजे इंजिनाने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवायची व्यवस्था, सक्तीची होत गेली आणि एप्रिल २०१३पासून तिची दुसरी पायरी आली. अमेरिकेत हीच दुसरी पायरी १९९६च्या मॉडेलपासून आहे. मूळ उगम कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण होऊन तिथल्या हवा मंडळाने १९८८च्या गाड्यांपासून हे मागितलं. म्हणून हा दिवा खरं तर धुराचा आहे. इंजिन मोडलं असं तो सांगत नाही, धुरावर परिणाम करणारं काहीतरी बिनसलंय इतकंच सांगतो. अमेरिकेत तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी तो लागतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात अडॅप्टर लावायचा आणि फोनवर कोड वाचायचा.

कोड एकच निघाला: पी०१७१. यातला ‘पी’ इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूचा. पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड. त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचं खातं. पूर्ण अर्थ: मिश्रण फिकं आहे, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. मिसफायरचा कोड नव्हता, आणि कन्व्हर्टरचा पी०४२० तर नव्हताच. पस्तीस हजारांचा डबा कशावरून चोक ठरला, देव जाणे.

इथे माझी लेक, नववीतली, फोनमध्ये डोकावून म्हणाली, “मग सेन्सर का बदलला?” प्रश्न रास्त होता. पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरला की सेन्सर कंप्युटरला कळवतो आणि कंप्युटर पेट्रोल वाढवतो. मी तिला म्हटलं, आमटीत अंदाजाने मीठ टाकायचं, चाखायचं, मग कमी-जास्त करायचं, तसंच हे. सेन्सर म्हणजे जीभ. पहिल्या गॅरेजवाल्याने जीभ बदलली, आमटी तशीच राहिली. काकू आतून म्हणाल्या, “आमच्या घरात मीठ बंद आहे, दुसरं उदाहरण दे.”

कोड म्हणजे निदान नव्हे, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. डॉक्टरला ‘ताप आहे’ सांगण्यासारखं ते आहे. ताप कशाचा, ते पुढे शोधायचं असतं. आणि कोड पुसायची घाई तर मुळीच करू नये, कारण कोड नोंदला त्या क्षणीचे आकडेही कंप्युटर जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही जातं. बॅटरीची तार काढणाऱ्याने नेमकं तेच केलं होतं. पण दिवा परत लागला तेव्हा नवी नोंद झाली होती. ती अशी: इंजिन गरम, ८८ अंश. वेग शून्य. फेरे ७५०. म्हणजे गाडी चालू असून उभी. “कुठं उभी राहते जास्त वेळ?” मी विचारलं. काका म्हणाले, “फाटकावर. नाहीतर दवाखान्यासमोर, तिला उतरवताना.”

मग आकडे बघायचे. मीठ किती वाढवावं लागतंय, ते फ्युएल ट्रिम या नावाने फोनवर टक्क्यांत दिसतं. पाचएक टक्के इकडेतिकडे चालतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती तेव्हा ट्रिम होता अधिक २२. काकांना अॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर धरायला सांगितले. आकडा उतरत उतरत ६वर आला. पाय काढला, पुन्हा २२.

मला जे हवं होतं ते इथे मिळालं. पेट्रोल कमी पडत असतं, म्हणजे पंप थकलेला किंवा फिल्टर तुंबलेला असता, तर जास्त पेट्रोल लागतं तेव्हा हाल वाढले असते. इथे उलटं होत होतं. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन घोटघोट हवा ओढतं आणि आतल्या पाइपांत ओढ जोराची असते. अशात कुठे बारीक भेग असेल तर तिथून चोरटी हवा शिरते. ती मोजणाऱ्या सेन्सरच्या नंतर शिरते, म्हणून हिशेबात येत नाही. फेरे वाढवले की खरी हवा भरपूर येते आणि चोरटीचा वाटा नगण्य होतो. (काही गाड्यांत हवा मोजत नाहीत, आतल्या दाबावरून अंदाज बांधतात. तिथे हे गणित इतकं सरळ लागत नाही. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघा.)

भेग आहे हे ठरलं. कुठे आहे, ते शोधण्यात सगळी दुपार गेली. वरून सगळे रबरी पाइप ठणठणीत दिसत होते. मोठ्या गॅरेजमध्ये यासाठी धूर सोडायचं यंत्र असतं. उदबत्तीचा धूर धरूया, असं शेजारच्या एकाने सुचवलं. पेट्रोलच्या वाफा असतात तिथे विस्तव न्यायचा नाही, हे त्याला जरा चढ्या आवाजातच सांगावं लागलं. मग काकांच्या कूलरचा पाण्याचा पाइप घेतला, हातभर कापला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायचं. डॉक्टरच्या नळीसारखं. मी दहा मिनिटं ऐकलं. मला सगळीकडे सारखीच घरघर ऐकू आली. काकांना तेवढीही नाही.

“मी बघते,” लेक म्हणाली. आधी केस बांधायला लावले, ओढणी काढायला लावली, पंखा आणि पट्टा कुठे फिरतो ते दाखवलं, हँडब्रेक दोनदा तपासला. इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाकणं हा खेळ नाही. काका आत ब्रेकवर पाय ठेवून बसले. ती सावकाश एकेक जोड ऐकत गेली आणि मागच्या बाजूला, भिंतीकडच्या एका वळणापाशी थांबली. “बाबा, इथे फुस्स होतंय.”

तिथे अंगठ्याएवढ्या जाडीचा एक रबरी कोपरा होता. इंजिनाच्या पोटातल्या वाफा परत आत ओढून जाळायच्या, त्यासाठीचा. वरून धडधाकट, पण खालून बोट फिरवलं तर नखभर चीर. बारा उन्हाळे आणि इंजिनाची धग. रबर बिस्किटासारखं झालं होतं. तरी लगेच विश्वास ठेवला नाही. फडकं गुंडाळून पकडीने तो पाइप मॅनिफोल्डच्या बाजूला चिमटला आणि लेकीला म्हटलं, आकडा वाच. “बावीस… अठरा… तेरा… नऊ…” काकू ओसरीवर येऊन उभ्या होत्या. सोडल्यावर आकडा परत चढला, पुन्हा चिमटल्यावर पुन्हा उतरला. तेव्हा खात्री झाली. भाग बदलण्याआधी अशी एखादी परीक्षा करता येत असेल तर जरूर करावी. आठ महिने कुणी ती केली नव्हती. त्यात लबाडी होती असं मला वाटत नाही. गॅरेजवर दहा गाड्या उभ्या असतात आणि एका पाइपासाठी दुपार घालवणं कुणालाच परवडत नाही.

कोपरा निजामाबादला मिळाला, २४० रुपयांना. काकू डायलिसिसला आत गेल्यावर काका स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले. गावातल्या मिस्त्रींनी अर्ध्या तासात बसवला, पैसे घेईनात, चहा घेतला. मग कोड पुसला. पहिल्याच दिवशी ट्रिम ८वर आला आणि चार दिवसांत ३वर स्थिरावला.

आता थोडं तुमच्यासाठी, विशेषतः आईवडिलांच्या जुन्या गाड्या गावाकडे असलेल्यांसाठी. हा दिवा स्थिर जळत असेल, गाडी झटके देत नसेल आणि तापमान ठीक असेल तर घाबरू नका, सावकाश घरी या आणि त्या आठवड्यात तपासा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, आणि ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो डबा मग खरंच वितळतो. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तो महाग. आणि ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद. त्यात तडजोड नाही.

दादाला फोन मीच केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “दिव्याचं ठीक आहे रे. पण बाबांचं वय?” त्यावर माझ्याकडे कुठला अडॅप्टर नव्हता. आम्ही दोघांनी मिळून इतकंच ठरवलं की पहाटेच्या अंधारातल्या फेरीला गावातला एक ओळखीचा मुलगा चालवायला घ्यायचा आणि दुपारी येताना वाटलं तर काका चालवतील. पैसे दादा देतोय. काकांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग त्या मुलाला क्लच कसा सोडायचा ते शिकवायला घेतलं. पुण्याचा विषय मिटलेला नाही. गाडी विकायचा मात्र सध्या बंद आहे.

प्रत्येक फेरीनंतर काका लेकीला व्हॉट्सअॅपवर डॅशबोर्डचा फोटो पाठवतात. खाली काही लिहीत नाहीत. गेल्या गुरुवारच्या फोटोत पिवळा दिवा होता. ती धावत माझ्याकडे आली. मी चष्मा लावून पाहिलं. पेट्रोल संपत आलं होतं.