सात वर्षांच्या पोराचं मे महिन्यात काय करायचं?

मे महिन्यात वरोऱ्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. 2023 साली तिकडे 15 जूनला घंटा वाजली, आपल्याकडे 30 जूनला. यात चूक काही नाही. पण एवढे दिवस लेकरू राहणार कुठे, याचा हिशेब सुट्टीच्या परिपत्रकात नसतो. घरात कमावणारं माणूस एकच असलं, विधवा म्हणा, नवऱ्यापासून वेगळी राहणारी म्हणा, नाहीतर बायको गेलेला बाप, तर कामावर निघताना कुलूप बाहेरून लावायचं की किल्ली पोराच्या गळ्यात अडकवायची, एवढाच निर्णय त्याच्या हाती उरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आमच्या वेळी कुठे होती पाळणाघरं? सुट्टी लागली की मामाकडे जायचो. बरोबर. पण मामाचं घर मामा चालवत नव्हता. आजी आणि मामी राबत होत्या आणि त्या राबण्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आजची मामी स्वतःच रोजीला जाते. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला माहेरी पोर ठेवताना चार शब्द ऐकावे लागतात, ते निराळंच. जंगलपट्ट्यात तर मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. झुंजुमुंजू व्हायच्या आत घरंच्या घरं रानात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा रानात लेकरू सोबत न्यायचं?

दुसरे म्हणतात, रजा काढा. राज्य सरकारनं 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना आणि पत्नी नसलेल्या बापांनाही बालसंगोपन रजा दिली, हे चांगलंच केलं. पण ती साऱ्या नोकरीत मिळून 180 दिवस. तीन-चार उन्हाळ्यांत संपते, आणि मूल तर अठराचं व्हायचं असतं. शिवाय ती सरकारी माणसाला. औष्णिक केंद्रातला ठेकेदाराचा कामगार, खासगी दवाखान्यातली आया, कापडदुकानातली पोरगी, यांचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

कायदा आहे की, असं सांगणारेही भेटतात. आहे ना! आधी 1948 चा कारखाने कायदा होता. त्यात तीसहून अधिक बायका कामाला असल्या तर पाळणाघर होतं, पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. 2020 च्या कामगार संहितेत माणसांची संख्या बदलली, वय तेच. अंगणवाडीही सहापर्यंतच. सहानंतर काय? त्यानंतर शाळा सांभाळते, असं गृहीत धरलंय. म्हणजे शाळा हेच गरिबाचं पाळणाघर, फक्त तसं कुणी म्हणत नाही. आणि ते नेमकं मे-जूनमध्ये बंद!

राहिलं ते 'थोरली पाहील ना'. थोरली दहा वर्षांची असते, बाप्पा. तिची सुट्टी कुठे गेली मग?

माझं म्हणणं साधं आहे. शाळेची सुट्टी राहू द्या, इमारतीची सुट्टी रद्द करा. शिक्षकांना अजिबात बोलवू नका; त्यांच्यामागे आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं आहे. वर्ग नको, परीक्षा नको. एक-दोन खोल्यांना कूलर, वाळ्याच्या ताट्या, पाण्याचे माठ, खेळ, पुस्तकं आणि दुपारचं जेवण. इतक्या उन्हात लेकरं शाळेत आणायची का, हा आक्षेप रास्त आहे. पण टिनाच्या खोलीत एकटं कोंडलेलं पोर काही थंडाव्यात नसतं.

जेवण सुट्टीत कसं द्यायचं, असं विचारणाऱ्यांनी 2016 आठवावं. त्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात सुट्टीतही शालेय पोषण आहार सुरू ठेवायला सांगितलं होतं. भांडी तीच, चूल तीच. ती चूल पेटवणाऱ्या मावश्यांना मानधन वर्षातून दहाच महिने मिळतं. उरलेल्या दोन महिन्यांचं त्यांना द्या, म्हणजे एकीची सोय दुसरीच्या फुकट राबण्यावर उभी राहायची नाही.

हे स्वीडनचे चोचले आहेत, असं कुणी म्हणेलच. तिथे तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेआधी, शाळेनंतर आणि सुट्टीतही सांभाळणं हे नगरपालिकेचं काम आहे, हे खरं. पण आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. अमरावतीतला संसार सोडून मुलीसह बाहेर पडलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. पोरांच्या दिवसाप्रमाणे शाळेनं आपली वेळ बदलायची, हा विचार मराठीच आहे.

वेळेचं मात्र पक्कं करावं लागेल. सकाळी सात ते बारा एवढंच उघडलं तर ते दिखाऊ शिबिर होईल. आयाची पाळी दुपारी चारला सुटते. आणि मागणी एप्रिलच्या शेवटी करून उपयोग नाही. परिपत्रक निघायच्या आधी, मार्चमध्येच, ग्रामसभेत नि नगरपरिषदेत हा विषय घ्यावा लागेल. दिवाळीचंही तेव्हाच बोलून घ्यावं, कारण त्या सुट्टीत इकडे कापूस वेचणीला येतो आणि शिवारात हात कमी पडतात.