म्हातारं कोण, पीसी की सिस्टीम?

आमच्या लॅबमधले पीसी भंगारात काढायचं घाटतं आहे. गुन्हा काय, तर त्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. आमचे आय-थ्री सहाव्या जनरेशनचे, रॅम ८ जीबी. सगळे व्यवस्थित चालू आहेत. म्हणजे माणूस धडधाकट, पण रेशनकार्डावर नाव नाही!

माझं म्हणणं सरळ आहे. हार्डवेअर कधी म्हातारं झालं हे एका कंपनीच्या यादीवरून ठरवू नका. त्याच डिस्कवर पन्नासेक जीबी जागा काढून लिनक्स टाका. उबुंटू, डेबियन, मिंट, काहीही. मेकॅनिकलवाल्यांच्या कॅडसाठी जुनी विंडोज लागत असेल तर ती राहू दे, फक्त तिला इंटरनेटपासून लांब ठेवा. पीसी सुरू झाला की ग्रब विचारेल, आज कोण?

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, व्हर्च्युअल मशीन आहे ना! आहे, आणि घाईच्या प्रॅक्टिकलला बरंही आहे. पण त्यात बहुतेक वेळा खरं हार्डवेअर दिसतच नाही, दिसतं ते सॉफ्टवेअरने घेतलेलं सोंग. 'ओएस हा युजर आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा' हे वाक्य आपण सगळ्यांनीच पेपरात लिहिलंय. पण एकच वायफाय कार्ड एका सिस्टीममध्ये चालतं आणि दुसरीत ड्रायव्हरअभावी मुकाट बसतं, तेव्हा ते खरं कळतं. घड्याळाचंच घ्या. मदरबोर्डवर घड्याळ एकच. विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजते, लिनक्स बहुधा यूटीसी. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की आपल्याकडे घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे!

सर लोकांची भीती अशी की पोरं पार्टिशन उडवतील. उडवतील की थोडी! लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहिलं ते ३८६ पीसीवर, मिनिक्सच्या शेजारी. सुरुवातीला लिनक्स कंपाइल करायलाही मिनिक्सच लागायचं. एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल करून पठ्ठ्याने मिनिक्सचं पार्टिशन उडवलं, आणि मग ते परत टाकण्याऐवजी लिनक्सवरच राहिला. आमच्या पीसींवर तर जपण्यासारखं काही नाहीच. क्लोनझिलाने एकदा डिस्कची इमेज काढून ठेवली की काहीही उडालं तरी परत बसवता येतं.

तेव्हा भंगारवाला यायच्या आधी निदान एक रांग आमच्या ताब्यात द्या. पेनड्राइव्ह आमचे, रविवारही आमचाच. बायोसचा पासवर्ड तेवढा सांगा.