कामधंदा नाही, म्हणून पोटगी नाही?



‘मला कामधंदा नाही’ असं नवऱ्याने कोर्टात सांगितलं की अनेक जणी मुलांच्या पोटगीची आशाच सोडतात. सोडू नका. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, बायकोमुलांना पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. २०२० च्या निकालानुसार त्याला उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात न दाखवलेली जमीन, टेम्पो आपण हुडकून काढू. थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागा. तो तुरुंगात जाऊन आला तरी ती फिटत नाही.

पण काही बाप खरोखरच बेकार असतात. त्यांच्या लेकरांचं पोट आज एकटी आईच भरते. जर्मनीत अशा वेळी सरकार आगाऊ पैसे देतं, मग बापाकडून वसूल करतं. ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे.