आधी पगार, मग दर

केशवापुरातल्या बँका, दवाखाने, ऑफिसं बघून माझ्या मैत्रिणीनं ठरवलं, साफसफाईची एजन्सी काढायची. भांडवल थोडं, काम भरपूर. दर काय लावणार विचारलं तर म्हणाली, "बाकीच्यांपेक्षा हजारानं कमी!"

मला तिथंच खटकलं. हिशेब करून बघा. एका बाईचा महिन्याचा पगार १५,००० रुपये धरू. त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८. किमान बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,२५०. झाले १८,५३८. फिनेल, मॉप, रजेवरची बदली बाई आणि आपला नफा अजून धरलेलाच नाही. मग सतरा हजारांत माणूस देणाऱ्याला परवडतं कसं? मावशींच्या पगारातून!

दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ आणि बोनस लागू होतो. पण पहिल्या दिवसापासून दरात ते धरलं नाही, तर धंदा वाढताच पैसे मावशींचेच कापले जातात. आणि हा धंदा वाढतो. पुण्याच्या बीव्हीजीची माणसं संसद भवनाच्या सफाईपर्यंत पोहोचली.

शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या मालकानं सकाळच्या मजुरांची मजुरी आधी ठरवली, मग त्यांना कामावर पाठवलं. कोटेशनही याच क्रमानं लिहावं. त्यापायी मैत्रिणीचं पहिलं काम हुकेलही. हुकू दे.

आणि उद्या कोटेशनवर सही करायची पाळी आपली आली, तर एवढं जरूर विचारूया: यात मावशींचा पीएफ कुठाय?