रक्तातच असावं लागतं?

हिमोग्लोबिन 20 आलं की मी आधी मशीनवरच संशय घेते. जांभळ्या टोपणाची नळी पुन्हा आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, नमुना परत लावायचा. तरीही आकडा तोच आला, तर डॉक्टरांना फोन. 31 वर्षं लॅबमध्ये काढली. आमच्याकडे रोज दिसतात ते 9, 10, फार तर 14.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ 9 वर्षांच्या मुलाला घेऊन आले. पोरगं शाळेत धावण्यात पहिलं. "ताई, खेळाचं जीन तपासून मिळतं का हो? रक्तातच नसेल तर कोचिंगला पैसे कशाला घालायचे?"

मला एरो मॅन्टिरांटा आठवला, आणि मी त्यांना त्याची गोष्ट सांगितली. फिनलंडच्या उत्तरेकडच्या पेल्लो गावचा, बर्फावरून स्की घालून लांब अंतराच्या शर्यती मारणारा गडी. 1964 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने 15 किलोमीटरची शर्यत 40 सेकंदांनी जिंकली आणि 30 किलोमीटरची मिनिटाहून जास्त फरकाने. ऑलिम्पिक पदकं एकूण सात. हिमोग्लोबिन 20 च्या वर! लोक म्हणायचे, रक्तात काहीतरी भरतो.

1993 मध्ये संशोधकांनी उलगडा केला. मूत्रपिंडातून निघणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. 'आता पुरे' म्हणणारा जो ब्रेक असतो, तो एरोच्या पेशींत जन्मतःच तुटलेला. म्हणजे ते जादा रक्त त्याचं स्वतःचंच होतं. (म्हणून तो धुतल्या तांदळासारखा, असं मी म्हणणार नाही. 1972 मध्ये उत्तेजक चाचणीत तो सापडला होता. पण तो हिशेब वेगळा.)

इथवर ऐकून त्या गृहस्थांचे डोळे चमकले. "बघा, जीनच!"

नाही हो. त्याच्या घराण्यातल्या 97 जणांना तपासलं, 29 जणांचं रक्त तसंच निघालं. त्यातले नावाजलेले स्कीपटू किती? एक भाचा ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत पोचला, आणखी एखाद-दुसरं नाव. बाकीचे तेच दाट रक्त घेऊन आपापल्या कामाला लागले. एरो मात्र लहानपणी गोठलेल्या तळ्यावरून स्कीवरच शाळेत जायचा, आणि शर्यती मारल्या तर जंगलातली लाकूडतोड सुटेल, सीमारक्षकाची नोकरी मिळेल, हे त्याला ठाऊक होतं. तळं आणि नोकरी कुठल्या नळीत दिसणार? जीन चाचणीच्या जाहिरातींवर माझा राग आहे तो यासाठीच. पोराला चार वर्षं पळू द्यायच्या आधीच त्या त्याचा निकाल लावतात.

मी म्हटलं, "जीन राहू दे, साधं सीबीसी करू." पोराने सुईकडे बघत ओठ घट्ट मिटले, पण रडलं नाही. संध्याकाळी रिपोर्ट निघाला, हिमोग्लोबिन 10.1. दोनदा लावून बघितलं. एवढ्या कमी रक्तावर पोरगं शाळेत पहिलं येत होतं. वडिलांना म्हटलं, कोचिंगचं नंतर, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.